रिकाम्या पाळण्याचा भाव

शर्वी झोपली, तेव्हा मी पट्टी बांधली.

पट्टी मनगटावर घड्याळासारखी बसते, आतून मात्र जरा ओलसर लागते, पालीच्या पोटासारखी. बांधली की आधी तीन कंटाळवाणी वाक्यं म्हणायची असतात, म्हणजे तिला आपला निर्विकार आवाज कळतो. माझी वाक्यं ठरलेली आहेत. "पंख्याचा रेग्युलेटर पांढरा आहे. पंख्याचा रेग्युलेटर गोल आहे. पंख्याचा रेग्युलेटर फिरतो." लॅपटॉपवर माझ्या चेहऱ्याशेजारी हिरवं शून्य उमटलं. मग मी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "आंदोल टेक्नॉलॉजीज."

शून्याचे एक्क्याण्णव झाले. लाल.

"अरे बापरे," मागून माझा नवरा सौमित्र म्हणाला. "लग्नाआधी माझं नाव घ्यायला लावलं असतं तर एवढे आले असते का गं?"

"हळू बोल. ती उठेल."

"म्हणजे नसतेच आले."

ही पट्टी कशाला आली ते सांगायला हवं. नवी कंपनी शेअर बाजारात येते तेव्हा एखादी वित्तसंस्था तिला हाताला धरून आणते, म्हणजे तिचे शेअर लोकांना विकून देते आणि त्याची बक्कळ फी घेते. त्याच संस्थेत वरच्या मजल्यावर माझ्यासारखे विश्लेषक बसतात. कंपनी नोंदली गेली की काही दिवसांनी ते लोकांना सांगतात, शेअर घ्या, ठेवा की विका. आता ज्या भटजींनी लग्न लावलं त्यांनाच विचारायचं, गुरुजी, मुहूर्त कसा होता? ते काय सांगणार! अशा घरच्या शिफारशीवर चढलेल्या कंपन्या पुढे वर्षा-दोन वर्षांत इतरांपेक्षा जोरात आपटतात, हे अनेकांनी अभ्यास करून दाखवलं. नियामकांनी आधी अहवालाच्या तळाशी 'आमचे हितसंबंध असू शकतात' असं बारीक अक्षरात छापायला लावलं. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद कोण वाचतं? (मी वाचते. पण माझं सोडा.)

मग ही पट्टी निघाली. एखाद्या गोष्टीत आपला जीव अडकलेला असला की शरीर ते लपवत नाही. घामात एका संप्रेरकाचा अंश वाढतो, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, आवाजाची तार किंचित ताणली जाते, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात (त्या लॅपटॉपचा कॅमेरा बघतो). यातली प्रत्येक खूण एकटी फसवी आहे. घाम काय, जिना चढल्यावरही येतो. पण चारही खुणा एकत्र धरल्या आणि त्याच माणसाच्या पंख्याच्या रेग्युलेटरशी ताडून पाहिल्या, तर एक आकडा मिळतो. शून्य ते शंभर. त्याला आम्ही 'ओढ' म्हणतो. चाळिशीच्या वर लाल. तुम्ही खरं बोलता की खोटं, हे पट्टीला कळत नाही. जीव किती अडकलाय, एवढंच कळतं. आता विश्लेषकाने आपली शिफारस सगळ्यांसमोर पट्टी बांधून वाचायची आणि आकडा शिफारशीशेजारी छापायचा, असा नियम आहे. वाचली ती शिफारस पक्की. नंतर त्यात कुणी, अगदी साहेबानेही, फेरफार करायचा नाही.

मी सप्तपर्ण कॅपिटलमध्ये विश्लेषक. आंदोलला बाजारात आणलं ते सप्तपर्णनेच. बाळंतपणाची रजा संपवून मी घरून कामाला लागले त्याच आठवड्यात आमच्या टिपणीस सरांनी आंदोल माझ्या पदरात टाकली. "बाळांची कंपनी आहे. तुला काय, घरचंच काम."

घरचंच होतं. आंदोल पाळणे बनवते आणि त्यातला एक आमच्या बावधनच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत होता. पाळणा माहेरून येतो म्हणून बाबांनी बारशाला घेतलेला. त्याच्या दांडीत एक छोटं रडार असतं. ते बाळाचा श्वास ऐकतं. पाळणा आधी त्या श्वासाच्या किंचित मागे राहून झुलतो, मग कळेल न कळेल असा पुढे होतो आणि श्वासालाच आपल्यामागे ओढत मंद करत नेतो. वर आईच्या आवाजात बिनशब्दांची गुणगुण. हे सगळं गणित पाळण्यात नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि त्याची दरमहा फी असते. फी किंवा कंपनी, दोन्हीपैकी एक थांबलं की उरते एक महागडी टोपली.

शर्वी पाळण्याशिवाय झोपत नाही. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, गाडीत नाही, दुपट्यात घट्ट बांधून नाही. आंदोल येण्याआधीचे आठवडे मला आठवत नाहीत. त्या दिवसांतल्या फोटोंमध्ये मी आहे, यावरून मी होते असं म्हणायचं. आता ती दुपारी झोपते तेवढ्यात मी नोकरी करते. म्हणजे आंदोल बुडाली तर माझी झोप जाणार, नोकरी जाणार आणि मग बहुतेक मीच जाणार. हितसंबंधांच्या फॉर्मवर विचारतात, तुमच्याकडे शेअर आहेत का, नातेवाईक तिथे नोकरीला आहेत का, भेटवस्तू घेतली का. तुमचं मूल यांच्या पाळण्यात झोपतं का, हे विचारायचं कुणाला सुचलेलं नव्हतं.

आणि कंपनीत खोट होती.

ती मला मिरजेत कळली. सौमित्रच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. शर्वी माझ्या कडेवर, टक्क जागी, नवरीच्या मुंडावळ्या ओढण्यात दंग. तेवढ्यात फोन वाजला. आंदोलचा निरोप होता. 'शर्वी दुपारभर शांत झोपली. शाब्बास, आई!'

मी शर्वीकडे बघितलं. शर्वीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, तेही बघून घेतलं. माझा स्वभाव.

परत येऊन फ्लॅटचं दार उघडलं, तर आतल्या खोलीत पाळणा झुलत होता. आत कुणी नाही. वर माझ्याच आवाजात गुणगुण चालू.

"अगं बाई, रिकामा पाळणा हलतोय!" सासूबाईंनी हातातली पिशवी तिथेच टाकली आणि धावत जाऊन प्लग उपटला. त्या तीस वर्षं मराठी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आवाज अजून मैदानापर्यंत पोचणारा आहे. "रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं, हे सांगायला तुमच्या त्या कंपनीत कुणाला आई नाही का?"

"आई, पोटात दुखण्याला काही शास्त्रीय…"

"नसेना का! हलवायची गरज काय पण?"

पोटदुखीचं काही पटलं नाही, पण हा दुसरा प्रश्न बिनतोड होता. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, ते देखभाल-चक्र आहे, मॅडम, सांधे मोकळे राहतात. कधीपासून? तो म्हणाला, मार्चपासून. मार्चमध्ये आंदोल बाजारात नोंदली गेली होती.

मग मी आमच्या आयांच्या ग्रुपवर विचारलं, ज्यांची मुलं पाळण्यातून बाहेर पडलीत त्यांचे पाळणे काय करतात? उत्तरं धबाधबा आली. कुणाचा माळ्यावर झुलत होता, कुणाचा बाल्कनीत. एकीच्या आजेसासूबाईंनी तर अडगळीच्या खोलीवरून नारळ उतरवून टाकला होता. आता आंदोल आपल्या भागधारकांना दर तिमाहीला एकच गोष्ट अभिमानाने सांगायची: 'आमच्या पाळण्यांतले झोपेचे तास.' नोंदणीनंतर ते दुप्पट झाले होते आणि भाव त्या तासांवर चढत होता. देशातली बाळं काही दुप्पट झोपायला लागली नव्हती. रिकामे पाळणे झुलत होते आणि ते झुलणं झोपेत मोजलं जात होतं.

त्याच ग्रुपवर खाली चौघीजणींनी विचारलं होतं, 'मृण्मयी, तू त्यातली आहेस ना? आंदोलचे शेअर घेऊ का गं? बारशाची पाकिटं तशीच पडलीत, म्हटलं पिल्लाच्या नावाने टाकावी.'

मी उत्तर लिहिलं नाही. सध्या कामात आहे, असा हात जोडलेला बाहुला पाठवला.

एक्क्याण्णवची बातमी ऑफिसात पोचायला वेळ लागला नाही, कारण तालमीचे आकडेही तिकडे दिसतात. टिपणीस सरांचा फोन आला.

"लाल आलाय म्हणे?"

"हो सर."

"दूध," सर म्हणाले.

"काय?"

"अगं, तू अंगावर पाजतेस ना? ते मायेचं संप्रेरक दुधाबरोबर वाढतं आणि पट्टी गंडते. नियामकांनी स्तनदा मातांना सूट दिली आहे. डॉक्टरांचं पत्र लाव. आकड्याच्या जागी नुसती रेघ छापतात. मग निवांत 'घ्या' म्हण."

"आणि 'विका' म्हणायचं असलं तर?"

पलीकडे चहाचा घोट ऐकू आला. "मृण्मयी, आपणच विकली आहे ती."

"तेच तर, सर."

"आहेर घेतला की परतीचा आहेर करावा लागतो. त्यांचा पुढचा शेअर-इश्यूही आपल्याकडे यायचा आहे. तुला अवघड वाटत असेल तर मी वाचतो. माझा काय, तीन."

टिपणीस सरांचा तीन आमच्या धंद्यात प्रसिद्ध होता. पोलाद असो, पापड असो की पेन्शन फंड, कुठल्याही कंपनीचं नाव घ्या, तीन. बाजार त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्यांना बोनस कंपन्या आणण्यावर मिळायचा, तो कोटींत असायचा, पण त्या बोनसवरही त्यांचा जीव नव्हता. मिळतो म्हणून घ्यायचे. एकदा मिसेस टिपणीसांनी घरी पट्टी बांधून स्वतःचं नाव घ्यायला लावलं होतं म्हणे. चार आले. बाई खूश. म्हणाल्या, चला, मार्केटपेक्षा एकाने वर आहे.

पत्र मिळालं. डॉक्टरीणबाईंनी हसत हसत दिलं. ते टेबलावर ठेवून मी दोन दिवस त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. 'घ्या' म्हटलं की टिपणीस खूश, सप्तपर्ण खूश, पाळणा चालू, शर्वी झोपलेली. मी फक्त एक शब्द बोलायचा होता आणि तो बोलताना माझा जीव किती अडकलाय हे सरकारमान्य पद्धतीने झाकलं जाणार होतं. पट्टी गंडली नव्हती, हे मला माहीत होतं. दूध तर पंख्याच्या रेग्युलेटरच्या वेळीही होतंच की.

सासूबाईंना पट्टीचं भारी कुतूहल. "माझं नाव घेऊन बघ बरं."

"आई, नको."

"अगं, घे तर!"

घेतलं. अडतीस आले.

"पास का?"

"चाळीसच्या आत हिरवा असतो, आई."

"कंपनीला एक्क्याण्णव आणि मला अडतीस." त्यांनी चष्मा पुसला. "आणि त्यात माया किती, राग किती?"

"ते वेगळं दाखवत नाही."

"मग कसली शास्त्रज्ञ मंडळी ही," त्या म्हणाल्या, पण तो अडतीसचा आकडा दिवसभर त्यांच्या मनातून काही गेला नाही. संध्याकाळी भाजी निवडताना सौमित्रला सांगत होत्या, "एखाद-दुसरा मार्क तर तोंडी परीक्षेला देतातच."

बुधवारी दुपारी वाचन होतं. शर्वीला पाळण्यात घातलं, गुणगुण सुरू झाली, मी दार लोटून बाहेरच्या टेबलाशी बसले. स्क्रीनवर चाळीसएक चौकोन, शिवाय बाजाराच्या टीव्ही वाहिनीवर थेट. निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणाऱ्या बेहेरे मॅडम होत्या. त्यांनी मान हलवली की पाच संस्था मान हलवतात. कोपऱ्यात टिपणीस सर. डॉक्टरांचं पत्र मी लावलं नव्हतं. रेग्युलेटर पांढरा आहे, गोल आहे, फिरतो. शून्य.

"आंदोल टेक्नॉलॉजीज," मी म्हणाले. शहाण्णव.

चौकोनांमधल्या भुवया एकदम वर गेल्या. बेहेरे मॅडमनी विचारलं, "हा आकडा काय आहे? तुमचं या कंपनीशी नातं काय?"

"दूध!" टिपणीस सर घाईघाईने मध्ये पडले. "दूध आहे, मॅडम. म्हणजे त्यांचं. म्हणजे वैद्यकीय…"

"दूध नाही," मी म्हणाले. कान तापले होते. "माझी मुलगी आत्ता या भिंतीपलीकडे त्यांच्याच पाळण्यात झोपलीय. दुसरीकडे कुठेच झोपत नाही. ही कंपनी बंद पडली तर आमच्या घरात कुणी झोपणार नाही. आकडा बरोबर आहे, खरं तर थोडा कमीच आहे." मग रिकाम्या पाळण्यांचं सगळं सांगितलं. मिरज, देखभाल-चक्र, दुप्पट झालेले तास. नारळाचं तेवढं गाळलं. आणि वाचलं, "शिफारस: विका."

टिपणीस सरांचा चौकोन काळा झाला.

मला वाटलं होतं, लाल आकडा बघून लोक मला वेड्यात काढतील. बेहेरे मॅडम पुढे वाकल्या आणि शेजारच्या कुणाला तरी म्हणाल्या (माइक बंद करायचं त्या नेहमीच विसरतात), "एवढा जीव अडकलाय आणि तरी बाई विका म्हणते. मग वाट कसली बघतोस?"

अर्ध्या तासात आंदोलला खालचं सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या मर्यादेपर्यंत पडून व्यवहारच थांबले. आयांच्या ग्रुपवर मी तेव्हा कुठे उत्तर लिहिलं: 'नका घेऊ.' एकीने लिहिलं, 'टीव्हीवर बघितलं आत्ता. ते मागचं पाळण्याचं गाणं तुझ्या आवाजात आहे का गं? केवढं ऐकू येत होतं.'

मला काढून टाकलं नाही. उलट सप्तपर्ण एका दुपारीत प्रामाणिक ठरली, त्याची जाहिरात झाली. धंद्याची रीतही उलटी झाली. जीव अडकलेला माणूस 'विका' म्हणतो ते सोन्याचं, हे सगळ्यांना पटलं आणि जो तो लाल आकड्याचे विश्लेषक शोधत सुटला. एका संस्थेने चॉकलेट कंपनीसाठी एका मधुमेही गृहस्थांना नेमलं. ते 'विका' म्हणताना रडले. शेअर निम्म्यावर आला.

आंदोलमध्ये मालक बदलले. नव्यांनी रिकामं झुलणं बंद केलं, खरे तास जाहीर केले आणि ग्राहकांना निरोप पाठवला: 'नवा गुंतवणूकदार न मिळाल्यास सेवा महिनाअखेर थांबवावी लागेल. तुमच्या बाळाला गोड झोप!'

मी तो निरोप सौमित्रला दाखवला. "पाळण्याला धक्का मारून बघू आपण," तो म्हणाला. "हाताने. पूर्वी मारायचेच की." मारून बघितला. शर्वीने आधी आमच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, मग सोसायटीचा वॉचमन वर येईपर्यंत ती रडली.

मी पुन्हा कागद उघडले. आणि गंमत अशी की आता कंपनी चांगली होती. रिकामे पाळणे वजा केल्यावर उरलेली बाळं खरी होती, त्यांच्या आयांची फी खरी होती, आणि भाव इतका पडला होता की त्यात दुप्पट वाव होता. शेअर जरा सावरला असता तर गुंतवणूकदारही आला असता. मी उलटसुलट तपासलं. स्वतःवर संशय घेऊन तपासलं. तरी उत्तर तेच. पट्टी बांधली, सगळ्यांसमोर बसले आणि वाचलं, "शिफारस: घ्या."

सत्त्याण्णव.

बेहेरे मॅडम हसल्या, प्रेमाने. "आज मात्र आई बोलतेय हं." शेअर आणखी पडला.

माझं 'विका' म्हणजे ब्रह्मवाक्य आणि माझं 'घ्या' म्हणजे लाडाचं बोलणं. शब्द दोन्ही वेळा खरा होता.

"मी वाचतो," टिपणीस सर फोनवर म्हणाले. "माझा तीन आहे."

"पण सर, तुम्हाला यात…"

"इश्यूच्या वेळचे न खपलेले शेअर आपल्याच गळ्यात आहेत. भाव वर जायला हवा."

म्हणजे हितसंबंध त्यांचा आणि ओढ माझी. पट्टी मोजत होती ती फक्त माझी. पाच महिन्यांपूर्वी मी यावर नैतिक भाषण केलं असतं. आता म्हणाले, "कधी येताय?"

नियमाप्रमाणे वाचणाऱ्याने त्याच दिवशी कंपनीचा माल समोर चालताना बघायला हवा, म्हणून ते महिनाअखेरच्या दुपारी आमच्याकडेच आले. उंच, इस्त्रीचे, सोफ्याच्या कडेवर बसलेले. सासूबाईंनी पोहे दिले. कसे झालेत विचारलं तर "ठीक," म्हणाले. तीनच्या मानाने कौतुकच म्हणायचं ते.

"चला, पाळणा दाखव," सर म्हणाले, आणि त्याच वेळी आतली गुणगुण मधेच तुटली. सर्व्हर गेला होता. पाळणा एका बाजूला कलून थांबला. एक क्षण शांतता आणि मग शर्वी.

सासूबाईंनी घेतलं, गाणं म्हटलं, खुळखुळा वाजवला. शर्वीचा सूर वाढला. मी घेतलं. माझ्या छातीत धडधड, तिची माझ्याहून जास्त. मी तिला थोपटायला लागले की थोपटण्यातच माझी काळजी उतरते. माझ्या कुशीत म्हणजे तिला चालत्या रिक्षात बसल्यासारखं वाटत असणार. वाचन सुरू व्हायला आलं होतं. लॅपटॉप जोडायचा होता, कंपनीला फोन लावायचा होता.

"सर, जरा धरा."

"मी?"

"दोनच मिनिटं."

त्यांनी तिला फाइल धरावी तसं धरलं. मग ती सरकायला लागली म्हणून छातीशी टेकवलं. मी टेबलाखाली वाकून वायर खुपसत होते. रडणं थांबल्याचं कळलं तेव्हा दचकून डोकं टेबलाला आपटलं. आधी मनात आलं, श्वास? धावत गेले. श्वास चालू होता. लांब, मंद. टिपणीस सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर गाल चपटा करून शर्वी झोपली होती.

कुठेही न हलणारा माणूस. आत काही खालीवर न होणारा. रडण्याने घाबरला नाही, झोपल्याने हरखला नाही. कंपनीने कोट्यवधी खर्चून जे यंत्र बनवलं होतं ते पोहे खाऊन सोफ्यावर बसलं होतं.

"हिला… ठेवायचं कुठे?" ते न हलता म्हणाले.

"कुठेच नाही," सासूबाई म्हणाल्या. "अहो टिपणीस, श्वास घ्या, तेवढं चालतं."

स्क्रीनवर चौकोन उजळायला लागले. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला आणि मोकळ्या मनगटाला पट्टी बांधली. त्यांची कंटाळवाणी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. "माझं नाव शार्दूल टिपणीस. मी शार्दूल टिपणीस आहे. शार्दूल टिपणीस हे माझं नाव." शून्य.

"आंदोल टेक्नॉलॉजीज." तीन. हिरवा. बेहेरे मॅडमनी पेन उचललं.

तेवढ्यात शर्वीने झोपेत उसासा टाकला आणि त्यांचं एक बोट मुठीत धरलं.

अकरा.

सरांनी खाली बघितलं. शर्टावर लाळेचा एक डाग पसरत चालला होता. एकोणतीस. पट्टीला काय, समोर कंपनी आहे की मूल, हे तिला कुठे कळतं. सेहेचाळीस. लाल. "मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले, आणि सरांपुढे दोन्ही हात केले. शर्वीला उचलून घेतलं असतं तर आकडा खाली आला असता. तीनच्या 'घ्या'वर बाजार धावला असता, पाळणा पुन्हा झुलला असता. आणि शर्वी आत्ता, या क्षणी, उठली असती.

सरांनी मान हलवली. नाही. इतकीशीच.

मी तिच्याकडे बघितलं. हात मागे घेतले.

"शिफारस," टिपणीस सर कुजबुजले. "घ्या." चौऱ्याहत्तर.

"टिपणीस?" बेहेरे मॅडमचा आवाज खोलीभर घुमला. "तुम्ही? तुमचं हो काय नातं या कंपनीशी?"

"कंपनीशी काही नाही," ते म्हणाले. "पण जरा हळू बोला."

मी शेजारच्या खुर्चीत टेकले. स्क्रीनच्या कोपऱ्यात आंदोलची रेघ खाली वळताना दिसली. ती पुढे कुठवर गेली ते मला संध्याकाळी सौमित्रने सांगितलं. मी झोपले होते.